पाच दहा, पाच सतरा आणि पावणेसहा : गांधीखून खटल्यातल्या वेळा कशा वाचाव्यात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुघलक रोड पोलीस ठाण्याच्या फिर्यादीचं भाषांतर तुमच्या वाचनात आलं. त्यात ५ वाजून १० मिनिटं दिसतात. बाकी सगळीकडे गोळ्या झाडल्याची वेळ ५.१७ सांगतात, काही ठिकाणी ५.१२. गुन्हा नोंदल्याची वेळ ५.४५ आहे. फिर्यादीत आरोपीचं नावच चुकलंय. एका परदेशी वर्तमानपत्रात चौथ्या गोळीचा उल्लेख आहे. आणि शवविच्छेदन झालं नाही. म्हणून तुम्ही विचारता : कागद मागाहून बनवले का?

मी जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात तीस वर्षं फौजदारी वकिली केली. त्यातली बहुतेक वर्षं बचाव पक्षाकडून. म्हणजे फिर्यादीतल्या वेळेला चिरा पाडणं हाच माझा चरितार्थ होता. इतिहासकार मी नव्हे, पण असले कागद रोज हाताळलेत. त्या अनुभवावर सांगतो. आधीच एक कबूल करतो : कुठला कागद किती विश्वासाचा हे तो कोणी, केव्हा आणि कशासाठी लिहिला यावर ठरतं. तेव्हा एका वाक्यात 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर माझ्याकडून मिळणार नाही.

जाता जाता शब्दाबद्दल. याला कोणी 'हत्या' म्हणतं, कोणी हट्टानं 'वध' म्हणतं. आमच्या कागदात दोन्ही नाहीत. तिथे 'खून' आहे, तेव्हाचं कलम ३०२. मी तोच शब्द वापरतो.

आधी त्या ५.१० चं बघू. फिर्यादी नंदलाल मेहता. त्यांनी जे सांगितलं ते नीट वाचा : साधारण पाच दहाला महात्माजी बिर्ला भवनातल्या आपल्या खोलीतून प्रार्थनेच्या जागेकडे निघाले. *निघाले.* गोळ्या केव्हा सुटल्या याची वेळ ते देतच नाहीत. पुढे ते बाग ओलांडणं, पायऱ्या चढणं, दोन्ही बाजूंना लोक, मधे तीनेक फुटांची वाट, नमस्कार, सहा-सात पावलं असं वर्णन करतात आणि मग पिस्तूल येतं. खोलीपासून तिथपर्यंत अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, नुकतंच उपोषण सोडलेला माणूस दोन मुलींच्या खांद्यावर हात ठेवून चालला. त्याला दोन मिनिटं लागली म्हणा की सात म्हणा, ५.१२ ही बसतं आणि ५.१७ ही बसतं. 'साधारण' हा शब्द भाषांतरात आहे, तो वाचताना गाळू नका. उलटतपासणीत आम्ही वकील तो शब्द मुद्दाम गाळून प्रश्न विचारतो, म्हणून सांगतोय.

त्या दिवशी प्रार्थनेला उशीर झाला होता, कारण वल्लभभाई पटेलांशी बोलणं लांबलं. पाचाची प्रार्थना, आणि वेळेच्या बाबतीत कडक माणूस. त्यामुळे जमलेल्यांपैकी कित्येकांनी घड्याळाकडे पाहिलं असणार. पण प्रत्येकानं *आपापल्या* घड्याळाकडे पाहिलं. १९४८ सालची मनगटी घड्याळं रोज किल्ली देऊन चालायची, आणि दोन घड्याळांत पाच मिनिटांचा फरक कुणाला खटकत नसे.

माझ्याच एका खटल्यातली गोष्ट. उसाच्या फडाच्या बांधावर खून झाला होता. फिर्यादी म्हणाला, "दिवस कलला होता." ठाणे अंमलदारानं लिहिलं '१८.१० वा.' दुसरा साक्षीदार म्हणाला, बाजाराची एसटी नुकतीच गेली होती. ती एसटी रोज साडेपाचला. मी अर्धा दिवस त्या चाळीस मिनिटांवर घालवला. शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, "वकीलसाहेब, एसटी त्या दिवशी वेळेवर आली होती, हे कोण सांगणार?" मी खाली बसलो. शिवाय त्या ठाण्याच्या भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असायचं, म्हणजे जमादार ड्यूटीवर वेळेत यावेत म्हणून. कागदावर '१८.१०' अगदी काटेकोर दिसतं. पण तो काटेकोरपणा लिहिणाऱ्याचा, पाहणाऱ्याचा नव्हे.

५.४५ हा आकडा वेगळ्या जातीचा आहे. ती घटनेची वेळ नाही, ठाण्याच्या दप्तरात नोंद झाली ती वेळ. गोळीबारानंतर अर्ध्या तासाच्या आत गुन्हा दाखल, ही बचावाच्या वकिलाला रडवणारी गोष्ट आहे. आमच्याकडे फिर्याद सहा-सहा तास उशिरा येते आणि मधल्या वेळात गावातले पुढारी बसून कुणाकुणाची नावं घालायची ते ठरवतात, निदान आम्ही तसा आरोप तरी करतो. इथे त्याला जागाच नाही. तुघलक रोडचं ठाणं बिर्ला भवनाहून लांब नव्हतं आणि आरोपी जागेवरच पकडला गेला होता.

फिर्याद उर्दूत का, असंही तुम्ही विचारलंय. दिल्ली पोलिसांचं दप्तर पंजाबच्या वळणाचं होतं, तिथे उर्दूच चालायची. त्यात संशयास्पद काही नाही. आपण 'फिर्याद', 'मुद्देमाल', 'हजर', 'तहकूब' म्हणतो तेही फारसी-अरबीतून आलेलंच आहे. आपल्याला ते मराठी वाटतं, इतकंच.

आता नाव. फिर्यादीत 'नारायण विनायक गोडसे, राहणार पुणे' असं आहे. खरं नाव नथुराम विनायक. तुम्हाला ही चूक म्हणजे बनावाचा पुरावा वाटते. मला नेमकं उलट वाटतं. फिर्यादी स्वतःच म्हणतो की नाव त्याला नंतर कळलं. म्हणजे गर्दीत, आरडाओरड्यात, कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं एक परमुलखातलं नाव. 'नथुराम' हे दिल्लीच्या कानाला अनोळखी, 'नारायण' ओळखीचं. त्यामुळे कान किंवा लेखणी ओळखीच्या नावाकडे घसरली असणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. त्या दोन मुलींपैकी मनू गांधींचं नावही त्या कागदात 'सन्नो' असं उतरलंय. हा कागद दोन दिवसांनी बसून रचला असता तर या दोन्ही चुका राहिल्या नसत्या, कारण तोवर दोन्ही नावं सगळ्या देशाला पाठ झाली होती. ताज्या फिर्यादीत असल्या चुका सापडतातच. मी फिर्याद हातात घेतली की जी अतिशय स्वच्छ, ज्यात वडिलांचं नाव, वय, जखमेची लांबी सगळं बिनचूक, तिच्यावर आधी बोट ठेवतो.

शेवटचे शब्दही तसेच. स्मारकावर 'हे राम' कोरलंय, फिर्यादीत 'राम राम' आहे, आरोपीच्या म्हणण्याप्रमाणे फक्त एक उद्गार निघाला. ऐकणारे वेगवेगळ्या अंतरावर होते आणि पिस्तूल दोन-तीन फुटांवरून झाडलं होतं. अशा वेळी शब्द तंतोतंत टिपणारा साक्षीदार मला कोणी दाखवावा. पकडणाऱ्यांचंही हेच. बिर्ला भवनातला माळी रघू नायक, हवाई दलातला एक जवान, अमेरिकन दूतावासातला हर्बर्ट रायनर, अशी नावं येतात, आणि गोडसेचं म्हणणं की आपण स्वतःच पोलिसांना हाक मारली. दहा सेकंदांच्या झटापटीत चार हात एकाच माणसावर पडले तर चौघेही 'मी पकडला' म्हणतील आणि चौघेही खरं बोलत असतील.

चौथी गोळी. हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, कारण इथे एक खरी उणीव आहे. दुसऱ्या दिवशीच्या मँचेस्टर गार्डियनमध्ये मारेकऱ्यानं आणखी एक गोळी झाडल्याचं छापून आलं. फिर्यादीत तीन गोळ्या आहेत. खटल्यातही तीनच. शवविच्छेदन झालं असतं तर जखमा, त्यांची दिशा, आत राहिलेलं शिसं यांवरून वाद तिथेच मिटला असता. ते झालं नाही. कायद्यानं पाहिलं तर मृत्यूच्या कारणाबद्दल शंका नसेल तेव्हा त्याशिवाय खटला अडत नाही. शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत गोळ्या झाडलेल्या माणसाच्या मृत्यूचं कारण काय, असं कोणी विचारलं नसतं. पण सत्तर वर्षांनी विचारणार आहेत, याचा विचार ठाणे अंमलदार करत नाही.

मग उरलेल्या पुराव्यांना वजन कसं द्यायचं? आवाज मोजणाऱ्या साक्षीदारावर मी कधीच भिस्त ठेवत नाही. भिंतींवरून प्रतिध्वनी येतो, लोक किंचाळतात, तिनाचे चार होतात आणि दोनही होतात. बातमीदार ऐकलेलं ऐकून तार करतो, त्याला रात्रीच्या आत बातमी पाठवायची असते. त्याच्या उलट, अर्ध्या तासात शेजारून पाहिलेल्या माणसानं ठाण्यात दिलेला जबाब माझ्या तराजूत जड. हाच वाद काही वर्षांपूर्वी सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयानं ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा तटस्थ वकील, नेमलं, त्यांनी जुने कागद तपासले, दुसऱ्या मारेकऱ्याच्या कल्पनेला आधार नाही असं सांगितलं, आणि मार्च २०१८ मध्ये याचिका फेटाळली गेली. तुम्हाला हा निकाल पटो न पटो, पण 'कोणी पाहिलंच नाही' असं म्हणता येणार नाही.

इथवर मी तुमच्या प्रश्नाचीच उत्तरं दिली. पण खरं सांगायचं तर तुम्ही चुकीच्या संध्याकाळी घड्याळ लावून बसला आहात. ३० जानेवारीच्या पाच-सात मिनिटांत या खटल्यातलं काहीच अडकलेलं नाही. मारणारा पकडला गेला, पिस्तूल सापडलं, त्यानं नाकारलं नाही. ज्या वेळापत्रकावरून खरोखर वाद झाला आणि ज्यावर जवळजवळ वीस वर्षांनी आयोग बसला, ते २० ते ३० जानेवारी या दहा दिवसांचं आहे. तिथे मिनिटांना किंमत नाही. कुठला कागद कुठल्या तारखेला कुणाच्या हातात पडला, त्याला आहे.

२० जानेवारीला बिर्ला भवनाच्या मागच्या भिंतीशी स्फोट झाला आणि कटातला मदनलाल पाहवा जागेवर सापडला. तो बोलला. त्याच्या बोलण्यात कटातले साथीदार, नगरचे करकरे आले, आणि पुण्याच्या एका वृत्तपत्राचा संपादकही आला. वृत्तपत्राचं नाव 'हिंदू राष्ट्रीय' असं काहीसं उतरलं. आपल्याला आज चटकन कळतं : पुण्याचं 'अग्रणी', पुढे 'हिंदुराष्ट्र' झालेलं, संपादक नथुराम गोडसे, चालक नारायण आपटे. मुंबई प्रांताच्या सरकारी यादीत ही नावं छापील होती. करकरे हे आडनाव दिल्लीच्या कागदात 'किरकरी'सारखं झालं. पुन्हा तोच मामला, मराठी नाव आणि उर्दू लेखणी. ३० तारखेच्या फिर्यादीत नावाच्या चुकीनं काही बिघडलं नाही, कारण माणूस हातात होता. २० तारखेला माणूस सुटा होता आणि नाव हाच एक धागा होता. एकाच जातीची चूक, पण किंमत किती वेगळी!

दिल्लीहून दोन पोलीस अधिकारी २१ तारखेला विमानानं मुंबईला निघाले आणि २२ ला मुंबईचे पोलीस उपायुक्त नगरवाला यांना भेटले. इथून दोन कथा सुरू होतात. दिल्लीवाले म्हणाले, आम्ही संपादकाचा उल्लेख असलेलं टिपण दाखवलं. नगरवाला म्हणाले, माझ्यासमोर तसं काही आलं नाही, चार उर्दू शब्दांची चिठ्ठी तेवढी होती. संपादकाचा उल्लेख पहिल्याच दिवशी झाला होता की २४ तारखेच्या सविस्तर जबाबात, यावरही वाद.

अशा वेळी आम्ही वकील काय बघतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला पुढे उपयोगी पडेल. फौजदारी संहितेत तपास अधिकाऱ्याला रोजच्या रोज तपासाची डायरी लिहावी लागते. तेव्हा ते कलम १७२ होतं, २०२४ च्या जुलैपासून नव्या संहितेत १९२ झालं. त्यात माहिती केव्हा मिळाली, कुठे गेलो, काय केलं हे वेळेसकट हवं. आरोपीला ती डायरी मागता येत नाही, न्यायालय मात्र पाहू शकतं. माझा अनुभव असा की डायरीतलं वाक्य खरं की खोटं हे त्या वाक्यावरून कळत नाही. ते *पुढच्या कृतीवरून* कळतं. २२ तारखेला टिपण दिलं असेल तर २३ ला पुण्याला कोणी फोन केला? कुणी तार केली? तार असेल तर तारघराचा शिक्का असेल. माहिती मिळाल्यावर माणूस जे करतो ते काहीच झालेलं नसेल, तर एक तर माहिती मिळाली नाही, नाहीतर मिळूनही फाइलीत पडली. दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवून पुढचा कागद शोधायचा.

तिसरी बाजू मुंबईची. रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलालनं आधीच बरंच सांगितलं होतं. स्फोटाची बातमी वाचून २१ तारखेला ते मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाईंना भेटले. मोरारजींनी त्याच संध्याकाळी मुंबई सेंट्रलवर, अहमदाबादची गाडी पकडण्यापूर्वी नगरवालांना बोलावून सांगितलं, पण माहिती देणाऱ्याचं नाव सांगितलं नाही. जैननी नक्की काय सांगितलं आणि मोरारजींनी त्यातलं किती पुढे दिलं, यावर पुढे उलटसुलट साक्षी झाल्या. प्लॅटफॉर्मवरच्या बोलण्याचा पंचनामा नसतो. नगरवालांच्या डोक्यात तर शेवटपर्यंत गांधीजींना पळवून नेण्याचा कट असल्याची कल्पना घोळत होती.

मुंबईच्या साक्षी वाचणार असाल तर एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवा. मुंबईत भारतीय प्रमाणवेळेच्या जोडीला 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत चालू होता, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. मुंबईकर साक्षीदार आठवणीनं 'साडेसहा' म्हणाला तर कुठले साडेसहा, हा प्रश्न खुळचट नाही.

लाल किल्ल्यातल्या खटल्यात न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे सरकार पक्षाचे १४९ साक्षीदार झाले. निकाल १० फेब्रुवारी १९४९ चा. त्यात त्यांनी स्वतःहून नोंदवलं की २० ते ३० जानेवारी या काळात पोलिसांनी तपासात ढिलाई केली, थोडी तत्परता दाखवली असती तर बहुधा हे टळलं असतं. खुनाच्या निकालपत्रात न्यायाधीश सहसा असं लिहीत नाहीत. मग नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यात सुटून आलेल्या आरोपींचा सत्कार झाला, तिथे लोकमान्य टिळकांचे नातू ग. वि. केतकर म्हणाले की आपल्याला आधीच कल्पना होती, एकच गदारोळ उठला, आणि त्यातून पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांचा आयोग आला. १०१ साक्षीदार, ४०७ कागद, अहवाल १९६९ चा. पण यातले साक्षीदार घटनेनंतर वीस वर्षांनी बोलत होते, त्यातले बरेचसे ज्यांच्यावर ठपका येऊ शकतो असे अधिकारी. म्हणून तो अहवाल वाचताना मी तोंडी साक्षीपेक्षा १९४८ सालीच लिहिलेल्या, आणि वाद होणार हे माहीत नसताना लिहिलेल्या कागदांकडे आधी जातो. विमान कंपनीची प्रवाशांची यादी, हॉटेलचं रजिस्टर, स्टेशनवरच्या विश्रांतिगृहाची नोंद. दिल्लीच्या मरीना हॉटेलात गोडसे-आपट्यांची खोली 'देशपांडे' नावानं होती आणि धुवायला टाकलेल्या कपड्यावर धोब्याची खूण मात्र 'एन. व्ही. जी.' अशी. कारकून आणि धोबी यांना कट माहीत नसतो, म्हणून ते सर्वांत चांगले साक्षीदार.

तुम्हाला खरंच हे काम करायचं असेल तर एक वही घ्या आणि प्रत्येक कागदासाठी तीन तारखा लिहा : गोष्ट घडली ती, लिहिली गेली ती, आणि ज्याला कळायला हवी त्याच्या हातात पडली ती. ३० जानेवारीची फिर्याद या तिन्ही रकान्यांत एकाच तारखेची भरेल, ती बाजूला ठेवा. सुरुवात करा पुण्याच्या गुन्हे अन्वेषणाचे उपमहानिरीक्षक राणा यांच्यापासून. ते त्या दिवसांत दिल्लीतच होते. २५ तारखेला मदनलालचा जबाब त्यांच्या हातात दिला गेला. ते विमानानं न येता रेल्वेनं, तेही अलाहाबादवरून वळसा घेऊन निघाले आणि २७ ला मुंबईत पोचले. त्याच २७ तारखेला मुंबईहून दिल्लीला गेलेल्या विमानाच्या यादीत 'डी. नारायणराव' आणि 'एन. विनायकराव' अशी दोन नावं आहेत.